चुकीच्या गणवेशातला लेखक

सर्बियन युद्धसाहित्यातली जी कादंबरी मला सगळ्यात जवळची वाटते, तिचा लेखक पहिल्या महायुद्धात सर्बियाच्या शत्रूच्या फौजेत होता. मिलोश त्सर्न्यान्स्की. जन्म १८९३चा, हंगेरीतल्या चोंग्राद गावचा. बालपण तेमिश्वारात गेलं. ते शहर आज रुमानियात आहे. घर सर्ब, भाषा सर्बियन, धर्म ऑर्थोडॉक्स, आणि राजा मात्र व्हिएन्नाचा. १९१४ साली ऑस्ट्रिया-हंगेरीने सर्बियावर युद्ध पुकारलं तेव्हा साम्राज्यात राहणाऱ्या हजारो सर्ब पोरांच्या अंगावर सम्राटाचा गणवेश चढला. त्यांतल्या काहींना द्रिना नदी ओलांडून, आपल्याच भाषेत शिव्या देणाऱ्या शिपायांवर गोळ्या झाडाव्या लागल्या. त्सर्न्यान्स्कीची रवानगी साम्राज्याच्या रशियाकडच्या टोकाला, गॅलिशियात झाली, रशियनांसमोर. म्हणजे पुन्हा स्लाव, पुन्हा ऑर्थोडॉक्स. जिथे जावं तिथे समोर आपलंच कुणीतरी.

या युद्धावर त्याने लिहिलेली छोटी कादंबरी, ‘द्नेव्हनिक ओ चार्नोयेविचू’ (चार्नोयेविचची डायरी), १९२१ साली बेलग्रेडमध्ये प्रसिद्ध झाली. नाव डायरी, पण तारखा शोधू नका. पेतार रायिच नावाचा शिपाई पोलंडमधल्या क्राकोच्या इस्पितळात पडला आहे. शरद ऋतू आहे. त्याला आई आठवते, गाव आठवतं, बायका आठवतात, गॅलिशियातला चिखल आणि जंगल आठवतं. मध्येच चार्नोयेविच नावाचा एक खलाशी अवतरतो. तो मित्र आहे, स्वप्न आहे की रायिचचंच दुसरं रूप, याचा पत्ता शेवटपर्यंत लागत नाही. लढाई जवळपास नाहीच. असते ती दोन-चार वाक्यांत उरकते, आणि तेवढ्यातही नायक झाडांकडे बघत असतो, आकाशाकडे बघत असतो. पहिल्या वाचनात मला राग आला होता. एवढ्या मोठ्या युद्धातून आलेला माणूस, आणि लिहितोय कशावर, तर पानांच्या रंगावर!

मग हळूहळू ध्यानात आलं की याला दुसरं लिहिता येण्यासारखंच नव्हतं. लढाईचं वर्णन करायचं तर ‘आम्ही’ आणि ‘ते’ लागतात. आम्ही टेकडी घेतली, ते मागे हटले. या माणसाकडे ‘आम्ही’च नव्हतं. ज्यांच्यासोबत खंदकात होता ते त्याचे नव्हते आणि ज्यांच्यावर बंदूक रोखायची ते परके नव्हते. मग वाक्यं तुटतात, काळ तुटतो, माणूस आकाशाकडे बघतो. समीक्षक या शैलीला अभिव्यक्तिवाद म्हणतात, युरोपभर त्या काळी वारं तसंच होतं असंही सांगतात, आणि त्यात खोटं काही नाही. पण मला त्या तुटक वाक्यांत वाऱ्यापेक्षा गणवेश जास्त दिसतो.

शेजारी दुसरं पुस्तक ठेवून बघा. स्तेवान याकोव्ल्येविच, वयाने त्याच्यापेक्षा थोडा मोठा, पेशाने पुढे वनस्पतिशास्त्राचा प्राध्यापक. तो सर्बियाच्या तोफखान्यात अधिकारी होता. १९१४चे विजय, १९१५च्या हिवाळ्यात अल्बानियाच्या डोंगरांतून झालेली सैन्याची आणि रयतेची ती भयंकर माघार, मग ग्रीसमधली सलोनिका आघाडी, आणि १९१८मध्ये घरी परत. हे सगळं त्याने तीन खंडांत सांगितलं, १९३४ ते १९३६मध्ये. नाव ‘सर्प्स्का त्रिलोगिया’. इथे सगळं ओळीने येतं: भरतीचं बोलावणं, पलटणीतले दोस्त, थट्टामस्करी, उपासमार, मग एकेका दोस्ताचं जाणं. निवेदकाला दिशा ठाऊक आहे, कारण सैन्याला दिशा होती: आधी देशाबाहेर आणि मग देशात परत. माणसं हालहाल होऊन मरतात, पण वाक्य मोडत नाही. ही कादंबरी सर्बियात घरोघरी वाचली गेली यात नवल नाही. (या प्राध्यापकाची बहीण ‘मिर-याम’ या टोपणनावाने प्रेमकथा लिहायची आणि तीही तुफान खपायची. त्या घरातलं जेवणाच्या टेबलावरचं बोलणं ऐकायला मला आवडलं असतं.)

युद्ध एकच, पिढी एकच, भाषा एकच. फरक कशाचा? लेखकाच्या अनुभवाने युद्धकथा घडते असं आपण सर्रास म्हणतो, तेव्हा अनुभव म्हणजे त्याने काय पाहिलं एवढंच आपल्या मनात असतं. प्रेतं दोघांनीही पाहिली. माझ्या मते घडवतं ते, तो कुठे उभा राहून पाहत होता ते. कुणाच्या अंगरख्यात, रेषेच्या कोणत्या बाजूला, किती वयाचा. त्यातून कादंबरीचा आशय नंतर ठरतो, तिचं व्याकरण आधी ठरतं.

हे वाचताना मला आपल्याकडची संगमरवरी पाटी आठवते. पश्चिम महाराष्ट्रातल्या कितीतरी गावांत चावडीच्या किंवा वेशीच्या भिंतीत ती बसवलेली आहे: या गावातून इतके जण १९१४-१९च्या महायुद्धात गेले, त्यांतले इतके कामी आले. साताऱ्याजवळच्या अपशिंगे गावातले ४६ जण त्या युद्धात गेले नि परत आले नाहीत. गावाच्या नावालाच ‘मिलिटरी’ चिकटलं. आमच्या आजीच्या तोंडी ‘बसऱ्याची लढाई’ असा शब्द होता, आणि बसरा कुठे आहे हे तिला ठाऊक नव्हतं. पुण्याच्या नावाची सहावी डिव्हिजन मेसोपोटेमियात कुत-अल-अमाराला वेढ्यात अडकली आणि २९ एप्रिल १९१६ला शरण गेली. तिच्यात मराठा पलटणी होत्या. परक्या सम्राटासाठी, परक्या वाळवंटात. त्सर्न्यान्स्कीची जी अडचण तीच यांचीही. पण त्यांच्यातून डायरी आली नाही. फ्रान्सच्या आघाडीवरून हिंदी शिपायांनी धाडलेल्या पत्रांचे उतारे सेन्सॉरच्या दप्तरात तरी उरले. आमच्याकडे उरली पाटी. तिच्यावर नुसता आकडा असतो, नावही नसतं.

त्सर्न्यान्स्की मात्र गणवेशाचा प्रश्न सोडायला तयार नव्हता. १९२९ साली त्याची ‘सेओबे’ (स्थलांतरं) ही कादंबरी पुस्तकरूपाने आली आणि तिच्यात तो थेट १७४४मध्ये गेला. वूक इसाकोविच हा सर्ब अधिकारी ऑस्ट्रियाची राणी मारिया थेरेसा हिच्या युद्धात आपली पलटण घेऊन डॅन्यूबकाठाहून ऱ्हाइन नदीपर्यंत जातो. ही माणसं कोण, तर तुर्कांच्या राज्यातून पळून हाब्सबुर्ग, म्हणजे व्हिएन्नाच्या राजघराण्याच्या, मुलखात आलेल्या सर्बांची पोरं-नातवंडं. साम्राज्याने त्यांना सीमेवर जमिनी दिल्या आणि बदल्यात लढाया मागितल्या. आपल्याकडे वतन आणि चाकरी यांचं जे नातं होतं, तसंच काहीसं. आता सीमा दक्षिणेला सरकली आहे, त्यांची गरज कमी होत चालली आहे, आणि दरबाराला वाटतंय की यांनी कॅथलिक व्हावं किंवा निमूट कुळं होऊन राहावं. पेचुय गावात इसाकोविचची तपासणी होते ते प्रकरण काढून वाचा. जाडजूड, थकलेला, पोटाच्या त्रासाने बेजार असा हा लढवय्या. आणि ज्यांच्यासाठी मरायचं तेच त्याला हळूच विचारतात, तू आमच्या धर्मात कधी येतोस?

इकडे घरी त्याची बायको दाफिना दिराच्या, म्हणजे व्यापारी आरांजेलच्या घरात असते. त्यांच्यात जे व्हायचं ते होतं आणि ती मरते. नवरा परततो तेव्हा त्याच्याकडे बढती नसते, बायको नसते, उत्तर नसतं. पहिल्या आणि शेवटच्या प्रकरणाला लेखकाने एकच शीर्षक दिलं आहे: अनंत निळं वर्तुळ, त्यात एक तारा. गेला तसा आला. वर्तुळ पूर्ण.

ही ऐतिहासिक कादंबरी म्हणून शिकवतात. मला ती पहिल्या महायुद्धाचीच कादंबरी वाटते. गॅलिशियातल्या शिपायाने आपल्या कोड्याला पावणेदोनशे वर्षं मागे नेऊन पाहिलं आणि तिथेही तेच कोडं बसलेलं त्याला सापडलं. ऐतिहासिक कादंबरीचा आपल्याकडे जो परिचय आहे, त्यात लेखक भूतकाळात जातो तो बहुधा अभिमान आणायला. हा माणूस लाज घेऊन गेला.

युद्ध संपल्यानंतरचा त्याचा एक अनुभवही इथे सांगायला हवा. १९२०मध्ये ‘सुमात्रा’ या आपल्या कवितेमागची गोष्ट त्याने एका निबंधात लिहिली. शिपायांनी खचाखच भरलेल्या रात्रीच्या गाडीने तो चालला होता, आणि मनात एका मित्राचं बोलणं घोळत होतं. मित्राने त्याला सांगितलं होतं की उरल पर्वतात तो वर्षभर युद्धकैदी होता, आणि तिथला बर्फ कसा होता. गाडीच्या अंधारात त्सर्न्यान्स्कीला जाणवलं की इथलं एक प्रेम आणि तिथला बर्फ, इथलं दुःख आणि कुठल्यातरी दूरच्या बेटावरचं झाड यांत काहीतरी धागा आहे. हा विचार त्याने पुढे जन्मभर सांभाळला. ऐकायला मवाळ वाटतो, पण त्याचं मूळ बघा: युद्धाने लाखो शेतकऱ्यांना उचलून अनोळखी खंडांत फेकलं होतं, आणि ते आता गाड्यांतून घरी येत होते, डोक्यात परके डोंगर घेऊन. ज्याला आपला देश नीट लाभला नाही त्याने सगळ्या जगाशी सोयरीक जोडली.

इथवर वाचून त्सर्न्यान्स्की युद्धविरोधी संत वाटला असेल, तर पुढचं ऐकायलाच हवं. १९३४मध्ये बेलग्रेडच्या ‘व्रेमे’ दैनिकात त्याने लेख लिहिला: ‘बदनाम केलेलं युद्ध’. युद्धाची नुसती दुर्गंधी दाखवणारी पुस्तकं युद्धाची नालस्ती करतात, त्यातली भव्यता आणि मेलेल्यांचं मोठेपण नाकारतात, असा त्याचा सूर. क्रोएशियन लेखक मिरोस्लाव क्रलेझाने त्याच वर्षी त्याला सणसणीत उत्तर दिलं. गंमत अशी की क्रलेझाही त्याच सम्राटाच्या गणवेशात गॅलिशियाला जाऊन आला होता, आणि साध्या शिपायांच्या हालांवर त्याने जहाल कथा लिहिल्या होत्या. दोघांनी एकच चिखल तुडवला. एक त्यातून डावीकडे निघाला, दुसरा उजवीकडे. त्याच सुमारास त्सर्न्यान्स्की उजव्या राष्ट्रवादी विचारांचं ‘इदेये’ हे नियतकालिक चालवायला लागला होता.

ही गाठ मला बरेच दिवस सुटली नाही. आता माझा अंदाज असा: ज्याला ‘योग्य’ बाजूने लढायला मिळालं नाही, त्याला योग्य बाजूची भूक जास्त. याकोव्ल्येविचला युद्धाचं कौतुक पटवून द्यावं लागलं नाही. तो अल्बानियातून चालत गेला होता, त्याला कुणी काही विचारणार नव्हतं. त्सर्न्यान्स्कीला मात्र आयुष्यभर कुणीतरी विचारत राहिलं असावं, की तू तेव्हा कुठे होतास? लेख भुकेने लिहिला, कादंबऱ्या लाजेने लिहिल्या. कादंबऱ्या जास्त शहाण्या निघाल्या.

दुसऱ्या महायुद्धाकडे येताना दोब्रित्सा चोसिचवरून मी जरा घाईने जाणार आहे. तो पार्टिझान, म्हणजे नाझींविरुद्ध लढणाऱ्या कम्युनिस्ट गनिमांच्या, तुकडीत राजकीय कमिसार (पक्षाचा माणूस) होता आणि १९५१ची त्याची पहिली कादंबरी, ‘दालेको ये सुंत्से’ (सूर्य दूर आहे), थेट त्या अनुभवातली. बर्फात वेढलेली तुकडी, आणि ग्वोझ्देन नावाचा शेतकरी लढवय्या म्हणतो की तुकडी मोडू या, गावं जळताहेत. त्याचेच सोबती त्याला गोळी घालतात. तो प्रसंग कमिसाराशिवाय दुसऱ्या कुणाला असा लिहिता आला नसता. शिक्षा देणाऱ्याच्या अंगाला येणारी थंडी त्यात आहे. पुढे १९७०च्या दशकात याच लेखकाने पहिल्या महायुद्धावर ‘व्रेमे स्मर्ती’ (मृत्यूचा काळ) हे चार खंड लिहिले. त्या युद्धात तो जन्मलाच नव्हता. या खंडांचा आवाका मोठा, मेहनत मोठी, आणि सर्बियात त्यांचा परिणाम प्रचंड. पण त्यात माणसापेक्षा राष्ट्र जास्त बोलतं. जे लढायला गेले त्यांच्या पुस्तकात देश थोडा आणि पाय, बूट, भाकरी फार. जे गेले नाहीत त्यांच्या पुस्तकात देश फार. हा नियम मी ठोकून सांगणार नाही. नाटककार नूशिचने याच युद्धात एकुलता एक मुलगा गमावला आणि त्यावर जे लिहिलं त्याला एका राष्ट्राची शोकांतिका म्हटलं. तिथे तक्रार करायला माझी जीभ रेटत नाही.

मला खरं थांबायचं आहे ते डॅन्यूबकाठच्या नोवी साद शहरात. जानेवारी १९४२. शहर हंगेरीच्या ताब्यात. २१ ते २३ तारखेला हंगेरियन लष्कराने आणि जेंडार्मांनी (लष्करी पोलिसांनी) ‘झडती’ घेतली. घराघरांतून ज्यू आणि सर्ब बाहेर काढले. गोठलेल्या डॅन्यूबच्या काठी, उन्हाळ्यात लोक जिथे पोहायला जातात त्या श्ट्रांडवर रांगा लावल्या, गोळ्या घातल्या, प्रेतं बर्फाच्या भोकांतून नदीत सोडली. एकट्या शहरात हजाराहून जास्त माणसं मेली.

त्या तीन दिवसांत शहरात दोन मुलगे होते. दानिलो किश सात वर्षांचाही नव्हता. अलेक्सांदार तिश्माने पाचच दिवसांपूर्वी अठरावं पूर्ण केलं होतं. किशचे वडील ज्यू, तिश्माची आई ज्यू. दोघेही वाचले, दोघेही लेखक झाले, आणि तीस वर्षांनी, १९७२ या एकाच वर्षी, दोघांची त्या काळाला भिडणारी पुस्तकं आली. यापेक्षा सरळ तुलना साहित्याचा इतिहास क्वचितच हातात ठेवतो.

किशच्या वडिलांना रांगेत उभं केलं होतं. नंबर येईपर्यंत बर्फातलं भोक प्रेतांनी तुंबलं आणि ते सुटले, असं किश सांगत असे. ते रेल्वेतले नोकर, बस-आगगाड्या-बोटींचं वेळापत्रक तयार करणारे. १९४४मध्ये त्यांना आउश्विट्झला नेलं. मुलाजवळ काय राहिलं? काही आठवणी आणि एक पत्र, ५ एप्रिल १९४२ची तारीख असलेलं, वडिलांनी आपल्या बहिणीला लिहिलेलं. कुरबुरी, पैशांची ओढाताण, नातेवाइकांवरचा राग. ‘पेश्चानिक’ (वाळूचं घड्याळ) ही अख्खी कादंबरी त्या पत्रातून निघते, आणि पत्र मात्र वाचकाला अगदी शेवटी मिळतं. त्याआधी काय आहे? उलटतपासणीसारखी प्रश्नोत्तरं, वेड्याची टिपणं, प्रवासाचे तुकडे. पहिली शंभर पानं वाचक चाचपडतो. लहान मूलही युद्धात असंच चाचपडतं. मोठी माणसं कुजबुजतात, सामान बांधतात, एक दिवस वडील नसतात. ज्याने पाहिलं पण ज्याला कळलं नाही, तो मोठेपणी पुरावे गोळा करतो. किशकडे साक्षीदाराचं वय नव्हतं, म्हणून त्याने कागदाला साक्षीला उभं केलं.

तिश्माला सगळं कळत होतं. हीच त्याची शिक्षा. ‘क्न्यिगा ओ ब्लामू’ (ब्लामचं पुस्तक) मधला मिरोस्लाव ब्लाम वाचलेला माणूस आहे. ख्रिश्चन मुलीशी लग्न केल्यामुळे वाचलेला. आईवडील मेले, बहीण मेली. युद्धानंतर तो त्याच शहरात राहतो, नोकरी करतो, बायको दुसऱ्याची आहे हे जाणून गप्प बसतो, आणि रस्त्यांवरून चालतो. कोणत्या दुकानात कोण होतं, तो कुठे गेला, त्याचं काय झालं, हे मनाशी मोजत. वाक्यं साधी, थंड, कारकुनी म्हणावीत अशी. किशसारखी कोडी नाहीत, कारण कोडं काहीच नाही. सगळं माहीत आहे, फक्त करण्यासारखं काही उरलेलं नाही. तिश्माच्या पुस्तकांत चांगली माणसं मरतात आणि वाचतात ते जरा वाकलेले, लपलेले, वेळेवर गप्प बसलेले. १९८७च्या ‘कापो’मध्ये तर तो छळछावणीत छळ करणाऱ्या कैद्याच्याच डोक्यात शिरतो. इतकं निर्दय लिहायला स्वतः वाचलेला असावं लागतं. मेलेल्यांच्या वतीने लिहिणारा दुसरा कुणी असता तर त्याने वाचलेल्यांना थोडी सूट दिली असती.

किशला जगाने जास्त डोक्यावर घेतलं, आणि ते योग्यच आहे. पण रात्री झोप उडवतो तो तिश्मा.

आणि पुढे नोबेल मिळवणारा इवो आंद्रिच? एप्रिल १९४१पर्यंत तो युगोस्लाव्हियाचा बर्लिनमधला राजदूत होता. मग परतला, आणि जर्मनांच्या ताब्यातल्या बेलग्रेडमध्ये एका खोलीत बसून लिहीत राहिला. शत्रूचा ताबा असेपर्यंत आपलं काही छापायचं नाही असं त्याने ठरवलं होतं. एका कथासंग्रहात आपली गोष्ट घेऊ द्यायलाही त्याने नकार दिला. १९४५मध्ये एकदम तीन कादंबऱ्या बाहेर आल्या. द्रिनेवरच्या पुलाची गोष्ट त्यांतलीच, आणि ती १९१४ला, पूल उडवला जातो तिथे थांबते. वर बॉम्ब पडत असताना त्याने स्वतःचं युद्ध सोडून चार शतकांचं काम काढलं. त्याच्यावर भरपूर लिहिलं गेलं आहे, मी भर घालत नाही.

शेवटचं युद्ध १९९१चं. क्रोएशियातल्या वूकोवारला वेढा पडला होता, बेलग्रेडमधून राखीव फौजेची बोलावणी निघत होती, आणि मिलोशेविचचं सरकार सांगत होतं की सर्बिया युद्धात नाहीच. कितीतरी तरुण बोलावणं हातात पडू नये म्हणून मित्रांच्या घरी झोपत होते. व्लादिमिर आर्सेनियेविच हा त्या शहरातला, जन्म १९६५चा, आघाडीवर न गेलेला. त्याची ‘उ पोतपालुब्ल्यू’, म्हणजे जहाजाच्या तळघरात, १९९४ची. उपशीर्षक ‘सोप ऑपेरा’. एक नवरा, गरोदर बायको, नशा सोडण्याची धडपड, भरती झालेला मेहुणा, त्याचं प्रेत, मित्रांच्या अंत्ययात्रा. तोफ ऐकू येत नाही, टीव्ही ऐकू येतो. या पुस्तकाला देशातला सगळ्यात मानाचा ‘निन’ पुरस्कार मिळाला; तोवर इतक्या लहान वयाच्या लेखकाला तो मिळाला नव्हता.

आघाडीवर न गेलेल्याने युद्धकादंबरी कशी लिहावी, हा आक्षेप त्यावर घेता येतो. मला तो पटत नाही. जे युद्ध सरकारी कागदावर नव्हतंच, त्यात लाखभर माणसांची जागा हीच होती: दाराची बेल वाजली की श्वास रोखून बसणं. याकोव्ल्येविचला पलटण होती, त्सर्न्यान्स्कीला निदान चुकीचा का होईना गणवेश होता. आर्सेनियेविचच्या नायकाकडे लपायला एक फ्लॅट आहे आणि बाहेर लांबच लांब शरद ऋतू. त्या फ्लॅटमधून जेवढं दिसलं तेवढंच त्याने लिहिलं, आणि ज्यांच्याकडे बंदुका होत्या त्या पिढीने अजून फारसं लिहिलेलं माझ्या वाचनात आलेलं नाही.